नववी-दहावीच्या मुलांची झोप आणि सात वाजताची शाळा

केतकीबन

आठवी ते बारावीतल्या मुलांच्या झोपेबद्दल जरा सविस्तर बोलायचं आहे. हा विषय निघाला की दोनच वाक्यं कानावर पडतात. "मोबाईल काढून घ्या" आणि "आमच्या वेळी आम्ही पहाटे पाचला उठायचो." दोन्हींत तथ्य आहे, पण या वयात मुलांच्या शरीरात काय चाललेलं असतं, ते दोन्हींत कुठेच येत नाही. त्यामुळे मूल सकाळी उठत नाही म्हणजे आळशी, एवढ्यावर विषय संपतो.

आमच्या सोसायटीतल्या नववी-दहावीच्या मुलांचा दिवस मांडते. पुण्यात राहतो, शाळा सात दहाची. व्हॅन सहा पंचवीसला गेटवर, म्हणजे पावणेसहाला उठणं आलं. दीडला घरी. साडेचार ते साडेसात क्लास. मग जेवण, गृहपाठ, क्लासचा वेगळा गृहपाठ, अधूनमधून प्रकल्पवही. दिवा बंद व्हायला साडेअकरा. यात मोबाईलवर एक मिनिटही गेलं नाही असं धरलं तरी झोप होते सव्वासहा तास. १३ ते १८ वयोगटाला ८ ते १० तास झोप हवी, असं 'अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन'ने २०१६ साली जाहीर केलेलं आहे. म्हणजे रोज किमान पावणेदोन तासांची तूट, तीही आठवड्याचे सहा दिवस.

आता "मग दहाला झोपवा की" हा सल्ला. मी त्यावर बरंच वाचलं. वयात येताना मेंदूतलं घड्याळच पुढे सरकतं. संध्याकाळी अंधार पडू लागला की मेलाटोनिन नावाचं संप्रेरक पाझरायला लागतं आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी मिळते. किशोरवयात ही वर्दी उशिरा येते, काहींत तर दोन-दोन तास उशिरा. शिवाय दिवसभर जागं राहून झोपेचा जो दाब साठत जातो तो लहान मुलांच्या मानाने या वयात सावकाश साठतो. म्हणून रात्री दहाला ही मुलं खरोखरच टक्क जागी असतात. आणि पहाटे पावणेसहाला आपण हलवून उठवतो तेव्हा त्यांच्या शरीराच्या लेखी अजून मध्यरात्र सरलेली नसते. माकडं, उंदीर यांच्यातही वयात येताना हा बदल दिसतो, तेव्हा हे काही आजच्या पिढीचं खूळ नाही.

मेरी कार्स्केडन या संशोधिकेने १९७६ पासून स्टॅनफर्ड विद्यापीठात उन्हाळी शिबिरं घेऊन मुलांची झोप मोजली. रात्री दहा तास अंथरुणात राहायची मुभा होती. वय वाढलं तशी झोपेची गरज कमी होत जाईल अशी अपेक्षा होती. तसं झालं नाही. थोरली मुलंही धाकट्यांइतकीच, नऊ तासांच्या वर झोपली, आणि दुपारी पेंग मात्र थोरल्यांना जास्त येत होती. याच बाईंनी १९९३ साली सहावीतल्या मुलामुलींवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या मुली वयात येण्याच्या टप्प्यावर पुढे होत्या, त्यांचा कल उशिरा झोपण्या-उठण्याकडे जास्त होता. त्या काळी कुठल्याच मुलाच्या हातात स्मार्टफोन नव्हता. मोबाईल निर्दोष आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. आधीच पुढे सरकलेल्या घड्याळाला तो आणखी पुढे ढकलतो. पण मूळ कारण तो नाही.

आणखी एक. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते आणि पहाटेकडे स्वप्नांची झोप वाढत जाते. आपण कापतो ती नेमकी पहाटेची, साखरझोपेची बाजू. दिवसभर शिकलेलं मेंदूत पक्कं बसवायचं काम या दोन्हींत चालतं. भावनांचा निचरा होण्यात स्वप्नांच्या झोपेचा वाटा मोठा मानतात. मूल चिडचिडं झालंय, एवढ्यातेवढ्यावरून डोळ्यांत पाणी येतंय, तर आधी त्याची झोप मोजा असं मी आता प्रत्येकाला सांगते.

आपल्या राज्यात यावर काही झालंच नाही असं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही, शाळांच्या वेळा बदलण्याचा विचार करा, असं सुचवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग २०२४-२५ पासून सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. चिमुरड्यांसाठी ते उत्तमच झालं. पण ज्यांचं घड्याळ निसर्गतःच पुढे सरकतं ती पाचवीच्या वरची मुलं त्यातून बाहेर राहिली. सात-आठ वर्षांचं पोर तसंही सहा-साडेसहाला आपणहून उठून बसतं. खरी गरज मोठ्यांना आहे, आणि याच मुद्द्यावर मला या धाग्यावर बोलणं व्हायला हवं आहे.

तुमच्याकडे शाळेच्या वेळा काय आहेत, मुलं किती झोपतात, कुणी शाळेशी बोलून काही बदल करून घेतला आहे का, सगळं लिहा.

सह्यकडा

लेख मनापासून लिहिला आहे, म्हणून मनापासूनच उत्तर देतो. माझं शिक्षण साताऱ्याजवळच्या खेड्यात झालं. पहाटे पाचला वडील हाक मारायचे. तोंड धुऊन कंदिलाजवळ पाठांतर. कुणाचं काही बिघडलं नाही. 'लवकर निजे, लवकर उठे' हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेलं आहे, ते एखाद्या प्रयोगाने खोटं ठरत नाही.

केतकीबन

सह्यकडा काका, तुमच्या म्हणीतला पहिला अर्धा भागच तर आज राहिलेला नाही! तुमच्याकडे निजानीज कधी व्हायची? नऊला झाली असेल तर पाचपर्यंत आठ तास भरले. आणि सूर्य मावळल्यावर उजेड होता तो कंदिलाचा. आज रात्री अकरापर्यंत घरात पांढरेशुभ्र एलईडी जळतात, समोर टीव्ही, हातात पडदा. डोळ्याच्या पडद्यात अशा पेशी असतात की ज्यांचं काम बघणं नसून मेंदूला दिवस-रात्र कळवणं हे आहे, आणि त्या निळसर उजेडाने सर्वांत जास्त चेततात. तुमच्या कंदिलाच्या पिवळ्या उजेडात ते होत नव्हतं. तेव्हा तुमचा अनुभव आणि माझं म्हणणं यात मला विरोध दिसत नाही.

सह्यकडा

नऊ म्हणजे उशीरच झाला, आठ-साडेआठला जेवणं उरकून घर सामसूम. हा मुद्दा मान्य. नातीच्या घरी जातो तेव्हा साडेदहाला स्वयंपाकघरात फोडणी पडते, ते मला कायम खटकत आलं आहे.

फळा_खडू

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो, कोल्हापूर जिल्हा. शाळा दोन अधिवेशनांत भरते, मोठ्यांची सकाळी. कारण एकच, खोल्या तेवढ्याच. आमच्या इथे धाकट्यांची शाळा नऊनंतर गेली, आणि इमारत रिकामी राहू नये म्हणून मोठ्यांची सकाळ आणखी वीस मिनिटं अलीकडे ओढली गेली. हेतू चांगला होता, पण भार सरकला तो नेमका आठवी-नववी-दहावीवर.

पहिल्या तासाला वर्गात काय दिसतं ते सांगतो. झोपलेलं मूल ओळखता येतं, बाकावर डोकं ठेवलेलं असतं. मला जास्त काळजी वाटते ती जाग्या दिसणाऱ्यांची. डोळे उघडे, नजर फळ्यावर, पेन चालू. वही तपासायला घेतली की कळतं. पहिल्या चार ओळी नीट असतात, पाचवीपासून अक्षर खाली उतरायला लागतं, शब्दातलं एखादं अक्षर दोनदा येतं, आणि मग एक लांब तिरकी रेघ थेट समासाबाहेर. तिसऱ्या तासाची त्याच मुलाची वही बघा, अक्षर सुरेख. गणित पहिल्या तासाला ठेवायची पद्धत आहे, 'मुलं ताजी असतात' म्हणून. नववीची मुलं सात वाजता ताजी नसतात, हे मी अनुभवावरून ठामपणे सांगतो.

अर्ध्या_रात्रीचा_चहा

मी स्वतः अकरावीत आहे, म्हणून लिहावंसं वाटलं. घरचे म्हणतात लवकर झोप. मी दहाला आडवा होतो, बाराला झोप लागते. ते दोन तास फार वाईट जातात, कारण 'झोप लागत नाहीये, उद्या पेपर आहे' हेच डोक्यात फिरत राहतं. मग फोन हातात घेतला जातो. फोनमुळे झोप जाते हे खरं आहे, पण झोप येत नाही म्हणूनही फोन घेतला जातो, हे मोठ्यांनी समजून घ्यावं असं वाटतं.

दुसरी गोष्ट. दिवसभर कॉलेज, क्लास, घर. रात्री अकरानंतर कुणी काही विचारत नाही, तेवढाच वेळ आपला असतो. तो सोडवत नाही.

आमच्या क्लासखालच्या टपरीवर वीस रुपयांत एनर्जी ड्रिंकची बाटली मिळते. संध्याकाळच्या बॅचमधले अर्धे तरी ती पिऊन वर येतात.

केतकीबन

तू लिहिलंस ते फार बरं केलंस. रात्रीचा तो एकच वेळ आपला असतो, हे वाचून मी थांबले. ते आम्ही पालकांनी डोक्यात घ्यायला हवं. दिवसात एक तास तरी मुलांना कुणाच्याही देखरेखीशिवाय मोकळा मिळाला, तर तो रात्रीतून काढावा लागणार नाही.

झोप येत नसताना अंथरुणात तळमळत पडू नकोस. उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात कागदावरचं काहीतरी वाच, पेंग आली की परत ये. अंथरूण म्हणजे काळजी करायची जागा, अशी मेंदूला सवय लागली तर ती मोडायला वेळ जातो.

औषधपाणी

बालरोगतज्ज्ञ आहे, नाशिक. त्या बाटलीबद्दल आधी. कॅफीन मेंदूतल्या अ‍ॅडेनोसिनची वाट अडवतं. अ‍ॅडेनोसिन म्हणजेच वर केतकीबन यांनी म्हटलेला झोपेचा दाब. दाब कमी होत नाही, फक्त जाणवेनासा होतो. प्यायलेल्या कॅफीनपैकी साधारण निम्मं पाच तासांनीही रक्तात असतं, म्हणजे संध्याकाळी सहाची बाटली रात्री अकरालाही काम करत असते. अशा पेयांवर 'मुलांसाठी नाही' असं छापणं आपल्याकडे नियमाने बंधनकारक आहे, बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचा.

आता ज्या गोष्टी शाळेची वेळ बदलूनही सुटणार नाहीत त्या सांगतो, कारण दवाखान्यात त्या वारंवार दिसतात.

मूल रोज घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, मध्येच श्वास अडखळून दचकत असेल, तर ते गाढ झोपेचं लक्षण नाही. टॉन्सिल्स किंवा नाकामागच्या अ‍ॅडेनॉइड ग्रंथी वाढलेल्या असू शकतात, वजन जास्त असेल तर तेही कारण असतं. असं मूल दहा तास अंथरुणात राहिलं तरी सकाळी थकलेलंच उठतं. कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा.

दुसरं, मुलींबद्दल. "रात्री पायात कसंतरीच होतं, हलवल्याशिवाय राहवत नाही" असं मुली सांगतात आणि घरचे वाढीचं दुखणं म्हणून सोडून देतात. यामागे बऱ्याचदा लोहाची कमतरता असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी मुली मळमळतं म्हणून दप्तरात टाकतात किंवा फेकतात. रिकाम्या पोटी न घेता डबा खाल्ल्यावर घ्या, पण घ्या. आणि हिमोग्लोबिन ठीक असलं तरी लोहाचा साठा म्हणजे फेरिटिन कमी असू शकतो, तो डॉक्टरांना विचारून तपासा.

तिसरं, झोप उडणं किंवा दिवसरात्र झोपणं, त्यासोबत खाण्यावरची वासना जाणं, मित्र तोडणं, "मी नकोच" अशी भाषा. हे झोपेचं दुखणं समजून घरगुती उपाय करत बसू नका. लगेच मानसोपचारतज्ज्ञ गाठा. १४४१६ या क्रमांकावर टेलिमानसची मोफत सेवा चोवीस तास असते, मराठीतही बोलता येतं.

आणि इंटरनेटवरून मागवलेल्या मेलाटोनिनच्या गोळ्या किंवा चघळायच्या गमी स्वतःच्या मनाने मुलांना देऊ नका.

मांजराकाठ

लातूरहून. इथलं वातावरण बाहेरच्यांना कल्पनेत येणार नाही. नीटसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून मुलं येतात, रूम करून राहतात, मेसचा डबा. अभ्यासिका चोवीस तास उघड्या. रात्री दोन वाजता अभ्यासिकेत जागा मिळत नाही, आणि जो आधी उठून जाईल तो मागे पडला अशी भावना असते. माझी पुतणी त्यात होती. टेस्टचे मार्क घसरले की ती आणखी एक तास झोप कमी करायची, मार्क आणखी घसरायचे.

आम्ही तिला एकच गोष्ट पटवली. नीटचा पेपर दुपारी दोनला सुरू होतो, दहावी-बारावी बोर्डाचा सकाळी अकराला. रात्री दोनला तल्लख असलेल्या मेंदूला तिथे कुणी मार्क देत नाही. शेवटच्या दोन महिन्यांत तिने अकराला झोपणं, साडेसहाला उठणं, दोन ते पाच सराव पेपर असं लावून घेतलं. निकालाचं श्रेय मी एकट्या झोपेला देणार नाही, पण पेपरात डोळ्यांपुढे अंधारी येणं, वाचलेला पर्याय सोडून भलताच गोल रंगवणं, हे थांबलं.

वऱ्हाडी_ऊन

अमरावती जिल्हा. केतकीबन ताई, तुमचं सगळं पटतं, पण एक अडचण सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडे शाळा सकाळचीच करावी लागते. बारानंतर पत्र्याखाली बसवत नाही, पोरं भोवळ येऊन पडतात. खेड्यातली पोरं एसटीच्या भरवशावर, आणि सकाळची गाडी एकच. तिथे साडेआठची शाळा म्हटलं तर दुपारी परतायचं कसं?

बाकी एक फरक लक्षात घ्या. घड्याळ साऱ्या देशाला एकच, पण सूर्य आमच्याकडे मुंबईच्या आधी उगवतो आणि आधी मावळतो. अगदी नागपूर-मुंबई धरलं तर वीस-पंचवीस मिनिटांचं अंतर पडतं. जानेवारीत पुण्या-मुंबईला सूर्य सातनंतर वर येतो, म्हणजे तुमची मुलं चक्क अंधारात व्हॅनमध्ये बसतात. हिवाळ्यात तरी पश्चिमेकडच्या शाळांनी वेळ पुढे न्यायला काय हरकत आहे?

निशिगंध

मुलींबद्दल एक भर घालते. आमच्या भागात नळाला पाणी पहाटे पाचला येतं. ते भरायला घरातली मुलगी उठते, मुलगा नाही. दहावीच्या वर्षातही. झोपेची तूट मोजताना हेही मोजा.

आमच्याकडे काय लागू पडलं ते लिहिते. सगळ्यांचे फोन रात्री दहाला बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, आमचेसुद्धा. गजराला साधं घड्याळ आणलं, कारण 'गजरासाठी फोन हवा' ही सबब पहिली निघते. क्लासहून आल्यावर संध्याकाळी सातची डुलकी बंद केली. पाचला भेळ खाल्ली की रात्री जेवण जात नाही, तसंच आहे ते. झोपायचंच तर शाळेतून आल्यावर, दुपारी, वीस-पंचवीस मिनिटं. रविवारी मुलगी आधी अकरापर्यंत झोपायची, आता आठ-साडेआठला खिडकीचा पडदा उघडतो आणि तिला गच्चीत पाठवतो. सकाळचं ऊन डोळ्यांना मिळालं की रात्रीची झोप थोडी अलीकडे येते. सोमवारची सकाळ पूर्वी रडारडीची असायची, त्यात खूप फरक पडला.

मिनेसोटाची_थंडी

मी मिनियापोलिसला राहते, म्हणून इथला इतिहास सांगते. एडिना हे शेजारचं उपनगर. तिथल्या हायस्कूलने १९९६ मध्ये सुरू व्हायची वेळ साडेआठवर नेली. पुढच्याच वर्षी मिनियापोलिसच्या हायस्कूलांनी सव्वासातची शाळा आठ चाळीसला केली. तेव्हाही सगळ्यांची शंका एकच होती, की मुलं तेवढंच उशिरा झोपतील. मिनेसोटा विद्यापीठाच्या कायला वॉलस्ट्रॉम यांनी पाहिलं तेव्हा झोपायची वेळ पुढे सरकली नव्हती, मुलं खरोखर जास्त झोपत होती, हजेरीही सुधारली होती.

सिअ‍ॅटलने २०१६ मध्ये सात पन्नासची शाळा पावणेनऊला केली. तिथे मुलांच्या मनगटावर यंत्रं बांधून मोजलं गेलं, नुसतं विचारून नाही. रात्रीची झोप सरासरी ३४ मिनिटांनी वाढली. ३४ मिनिटं ऐकायला थोडी वाटतात, पण या वयाच्या मुलांची झोप वाढवणं किती अवघड असतं हे आईबापांना ठाऊक आहे. कॅलिफोर्नियाने तर २०१९ मध्ये कायदाच केला, जुलै २०२२ पासून लागू झाला, हायस्कूल साडेआठच्या आत भरवता येत नाही.

हे आपोआप झालं नाही. बसच्या फेऱ्या, खेळांचे सराव, नोकरी करणारे आईवडील, सगळ्या अडचणी इथेही निघाल्या. तिथल्या एसटीचा प्रश्न वेगळा आहे हे मान्य, पण शहरांतल्या खासगी व्हॅनचा प्रश्न सुटण्यासारखा आहे.

केतकीबन

सगळ्यांचं वाचून माझं म्हणणं थोडं बदललं. राज्यभर एकच वेळ मागणं चुकीचं ठरेल, वऱ्हाडातला एप्रिल आणि पुण्यातला जानेवारी एका मापाने मोजता येणार नाहीत. पण आठवीच्या वर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आठच्या आधी शाळा नको, एवढी मागणी शहरातल्या शाळेकडे करायला काहीच हरकत नाही. आमच्या वर्गाचे पालक तयार आहेत. अर्ज मुख्याध्यापकांना द्यावा की पालक-शिक्षक संघाकडून न्यावा? फळा_खडू सर, तुम्ही सांगा.

फळा_खडू

संघाकडूनच न्या, सुट्या अर्जांना उत्तर मिळत नाही. आणि एप्रिल संपायच्या आत द्या. वेळापत्रक मे महिन्यात ठरतं, जूनमध्ये मागितलं की 'पुढच्या वर्षी बघू' होतं. व्हॅनवाल्यांना आधी विचारून ठेवा. त्यांच्या दोन शाळांच्या फेऱ्या एकमेकींत अडकलेल्या असतात आणि बैठकीत पहिला अडथळा तोच निघतो. वर्गातल्या मुलांकडून एक आठवडा झोपायची-उठायची वेळ कागदावर लिहून घ्या, नाव न घालता. तो कागद सोबत जोडा.

वेळ बदलली नाही, तरी दोन गोष्टी मुख्याध्यापकांच्या हातात असतात, त्या नक्की मागा. घटक चाचणी पहिल्या तासाला नको. आणि पहिला तास पी.टी.चा, मैदानावर, उजेडात. आमच्याकडे यंदा नववी 'ब'ला तसं करून पाहिलं आहे, गणित तिसऱ्या तासाला नेलं. दहावीला मात्र अजून परवानगी मिळालेली नाही.

केतकीबन

धन्यवाद सर. अर्जाचा मसुदा रविवारपर्यंत इथेच टाकते, ज्यांना आपल्या शाळेसाठी वापरायचा असेल त्यांनी जरूर घ्या. औषधपाणी, लोह आणि घोरण्याबद्दल पालकांसाठी अर्धं पान लिहून द्याल का? अर्जासोबत वाटता येईल.

औषधपाणी

देतो. शनिवारी दवाखाना लवकर संपतो, तेव्हा लिहून टाकतो.